हॅरी पॉटर: पुस्तकांचं कौतुक कशासाठी आणि सिनेमांचं कशासाठी?

पारंब्या (धागाकर्ती)

हॅरी पॉटरची नवी मालिका येणार, प्रत्येक पुस्तकाला एक सीझन, पोरं सगळी नवी, डंबलडोर म्हणून जॉन लिथगो, ही बातमी आल्यापासून आमच्या भावंडांच्या ग्रुपवर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, जुने सिनेमे अजरामर आहेत, त्यांना हात लावू नका. दुसरा म्हणतो, मुळात पुस्तकंच सुमार, सिनेमे त्याहून सुमार, जाहिरातबाजीवर सगळं चाललंय. मला दोन्ही पटत नाही. तिथे भांडून उपयोग नाही म्हणून इथे भांडायला आले आहे.

माझं म्हणणं असं, की कौतुक व्हायलाच हवं, पण ते नेहमी चुकीच्या गोष्टीचं होतं. पुस्तकांबद्दल बोलताना लोक म्हणतात, "काय ती कल्पनाशक्ती!" अहो, जादूगारांची शाळा अर्सुला ल ग्विनने 'अर्थसी'मध्ये १९६८ सालीच काढली होती. बोर्डिंगातल्या मुलामुलींच्या गोष्टी इंग्रजीत शतकभर तरी लिहिल्या जात होत्या. ड्रॅगन, एकशिंगी घोडे, चेटकिणी, परीस हा तर सार्वजनिक माल. रोलिंगबाईंनी नवं केलं ते दुसरंच. त्यांनी परीकथेच्या आत रहस्यकथा बसवली, आणि ती सुताराच्या हाताने बसवली. पहिल्या भागात आगगाडीत हॅरीच्या मित्राच्या, रॉनच्या खिशात झोपलेला उंदीर आठवा. तो खरा कोण, हे तिसऱ्या भागाच्या शेवटी कळतं. पाचव्या भागात जुनं घर साफ करताना कुणालाच न उघडणारं एक लॉकेट अर्ध्या ओळीत येऊन जातं, आणि सातव्यात सगळे त्याच्याच मागे जीव टाकतात. दुसऱ्या भागात पीव्ह्ज नावाचं भूत एक कपाट आदळतं. आपण हसतो आणि विसरतो. पाचव्यात त्याच कपाटात एका मुलाला कोंबतात, तेव्हाही हसतो. सहाव्यात त्याच कपाटातून मारेकरी शाळेत शिरतात. मुलं ही पुस्तकं परत परत वाचतात ती जादूसाठी नाही, "हे आधी कुठे लपवलं होतं" हे शोधायला.

सिनेमांचंही तसंच. "पुस्तकाशी प्रामाणिक" म्हणून ज्या पहिल्या दोघांना शाबासकी मिळते, ते मला आठांतले सर्वांत निर्जीव वाटतात. पान उलटावं तसा प्रसंग उलटतो. तिसरा, अल्फोन्सो क्वारोनचा, सिनेमा म्हणून उभा राहतो, कारण त्या माणसाने पुस्तक बाजूला ठेवायची हिंमत केली.

या, तुटून पडा.

शेवगाशेंग

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसतोय. मास्तर आले की सुरू होईल.

निवृत्त_मास्तर

आलो.

पारंब्याताई, सुतारकामाचा मुद्दा मान्य. पण सुतारकाम चांगलं म्हणजे साहित्य चांगलं असं कधीपासून झालं? अमेरिकन समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी २००० सालीच या गद्यातल्या घासलेल्या शब्दप्रयोगांवर बोट ठेवलं होतं. इंग्रज कादंबरीकार ए. एस. बायट यांनी २००३ साली लिहिलं, की हे जग इकडून तिकडून उचललेल्या तुकड्यांचं आहे आणि टीव्हीवर पोसलेल्या कल्पनाशक्तीला तेवढंच पुरतं. तुम्ही ल ग्विनबाईंचं नाव घेतलंत, तर त्यांचं मतही सांगून टाका की! त्यांनी 'त्या वयाला ठीक आहे' इतपत कौतुक केलं, पण शैली सामान्य, कल्पना उसन्या आणि वृत्ती जरा कोती, असाही शेरा मारला. टीकाकार याला अपूर्व कसं म्हणतात याचंच त्यांना नवल वाटत होतं.

कोती वृत्ती म्हणजे काय, तर डर्स्ली, म्हणजे हॅरीला वाढवणारं मावशीचं कुटुंब बघा. जाड असणं हा तिथे गुन्हा आहे. त्यांच्या पोराला, डडलीला डुकराचं शेपूट फुटतं आणि वाचकाने टाळ्या पिटायच्या. मी वर्गात पोरांना चिडवणारी पोरं आयुष्यभर आवरली, त्यामुळे मला तिथे हसू येत नाही.

आणि "मुलं वाचायला लागली" हे कृपया कुणी सांगू नका. मुलं वाचायला लागली म्हणून पुस्तक थोर होत नाही. आमच्या लहानपणी 'चांदोबा' आला की घरात ओढाताण व्हायची, म्हणून चांदोबातली प्रत्येक गोष्ट थोर होती का? नव्हती.

कुतूहल७

मास्तर, नेमकं तेच सांगणार होतो. :)

पण दुसऱ्या बाजूने सांगतो. जुलै २००० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बालपुस्तकांसाठी खपाची वेगळी यादी काढली. का? तर पॉटरची पुस्तकं मोठ्यांच्या यादीत वरच्या जागा अडवून बसली होती, चौथं येऊ घातलं होतं, आणि प्रकाशक कुरकुरत होते. म्हणजे आधी कौतुक आणि मग "तुम्ही पोराटोरांच्या पंगतीत बसा". हेच पुस्तक १९९७ साली ब्लूम्सबरीने पुठ्ठा बांधणीत फक्त ५०० प्रती छापून काढलं होतं. त्यामुळे जाहिरातबाजीवर सगळं उभं राहिलं हे निदान सुरुवातीला तरी लागू नाही. पहिली काही वर्षं ते शाळेच्या मधल्या सुट्टीत तोंडोतोंडी पसरलं.

बायटबाईंचा रोख पोरांवर नव्हताच, मोठ्या वाचकांवर होता. दहा वर्षांच्या मुलाने ६३६ पानांचा चौथा भाग संपवला तर त्याच्या हातात मी लगेच ब्लूमचा लेख ठेवणार नाही.

डडलीबद्दल मात्र मास्तरांना अनुमोदन. सातव्यात त्याला थोडं सुधारलंय, पण उशिरा.

अबोली_प

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण या धाग्यावर राहवलं नाही.

मी पहिला भाग मराठीतच वाचला, 'हॅरी पॉटर आणि परीस', आमच्या नवोदय विद्यालयाच्या ग्रंथालयात. ज्यांना नवोदय माहीत नाही त्यांच्यासाठी: पाचवीत प्रवेश परीक्षा द्यायची, निवड झाली की सहावीला घर सोडून जिल्ह्याच्या निवासी शाळेत जायचं. म्हणजे अकराव्या वर्षी. पत्र्याची पेटी, कुलूप, पेटीवर ऑइलपेंटने नाव. आणि शाळेत चार हाउस: अरवली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. मी नीलगिरी. मग सांगा, ते पुस्तक वाचून माझं काय झालं असेल?

तुम्ही सगळे रहस्य, शैली, उसन्या कल्पना म्हणताय. मला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की ज्याला स्वतःची खोली नव्हती अशा पोराला पत्र आलं, त्याच्या नावाची सामानाची यादी आली, पेटी आली, पलंग आला. पहिल्या रात्री पोटभर जेवण आलं. जादू त्यानंतर सुरू होते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना छडी आवडते, आम्हाला मेस आवडली होती. आमची मेस तशी नव्हती, हा भाग वेगळा.

सिनेमे पुढे सुट्टीत टीव्हीवर हिंदीत पाहिले आणि हिरमोड झाला. किल्ला दिसतो, शाळा दिसत नाही. कंटाळा नाही, गृहपाठ नाही, परीक्षेची भीती नाही. फक्त तिसऱ्यात एक जागा आहे: रात्री मुलं डॉर्मिटरीत गोळ्या खाऊन प्राण्यांचे आवाज काढतात आणि खिदळतात. ते पुस्तकात नाही म्हणे. पण वसतिगृह म्हणजे तेच. ज्याने ते घातलं त्याला माझा नमस्कार.

पारंब्या

अबोली, तू वाचनमात्र राहू नकोस गं! या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

शेवगाशेंग

+१०००. आणि मी उदयगिरी! कुठलं नवोदय? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

डोंगरवाट

सिनेमाच्या अंगाने थोडं. (मी संकलनाच्या क्षेत्रात आहे, जाहिरातीच्या, म्हणून फार मनावर घेऊ नका.)

दुसरं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत २५१ पानांचं आहे, त्याचा सिनेमा दोन तास एक्केचाळीस मिनिटांचा. मालिकेतला सर्वांत लांब. पाचवं पुस्तक ७६६ पानांचं, सर्वांत जाड. त्याचा सिनेमा दोन तास अठरा मिनिटं. यातच सगळं आलं. ख्रिस कोलंबसकडे (पहिले दोन सिनेमे त्याचे) पानं कमी होती म्हणून तो प्रत्येक पानाला पुरेसा वेळ देऊ शकला, आणि दिला, आणि म्हणून सिनेमा लांबत गेला. डेव्हिड येट्सकडे जाडजूड ठोकळा आला, त्याला निम्म्याहून जास्त फेकावाच लागला.

पण कोलंबसला निर्जीव म्हणणं अन्यायाचं आहे. अकरा-बारा वर्षांच्या, कॅमेऱ्यासमोर नवख्या पोरांकडून काम करून घेणं सोपं नसतं. पहिल्या सिनेमातले कट बघा, कुठलंही पोर लांबलचक एका दमात बोलत नाही. बोललं की लगेच दुसऱ्याचा चेहरा. तो दिग्दर्शक पोरांना सांभाळत होता. त्यात त्याने घर बांधून दिलं: जेवणाचा हॉल, हलते जिने, जॉन विल्यम्सचं संगीत, सगळी पात्रनिवड. क्वारोन त्या तयार घरात राहायला आला आणि त्याने फर्निचर हलवलं.

हलवलं मात्र झकास. त्याने तिन्ही मुलांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता. एमा वॉटसनने (अभ्यासू हर्मायनी) सोळा पानं लिहिली, रॅडक्लिफने (हॅरी) एक, ग्रिंटने (आळशी रॉन) दिलाच नाही. तिघंही पात्राला जागली. :) पोरांच्या अंगातून झगे काढून साधे कपडे घातले, हॅग्रिडची झोपडी स्कॉटलंडच्या खऱ्या उतारावर नेली, त्या मारकुट्या झाडावर ऋतू बदलून दाखवले. बारमध्ये रॉनचे बाबा हॅरीला सिरियस ब्लॅकबद्दल सावध करतात तो शॉट बघा, न कापता चालत राहतो, आणि मागे भिंतीवर त्याच ब्लॅकचा 'पकडा' म्हणून फोटो किंचाळतोय.

आणि गंमत, आठांत सर्वांत कमी कमाई याच सिनेमाची.

चष्मेवाली_आजी

नातवाबरोबर सगळे पाहिले. तिसऱ्यात मला झोप लागली नाही, बाकीच्यांत लागली. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

रानवारा

सिनेमांनी एक पात्र पार बिघडवलं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. स्नेप.

अ‍ॅलन रिकमन महान नट, वाद नाही. पण पुस्तकातला स्नेप, त्या शाळेतला औषधं शिकवणारा मास्तर बघा. नेव्हिल नावाच्या विद्यार्थ्याने चुकीचं बनवलेलं औषध त्याच्याच बेडकावर तपासून बघण्याची धमकी देतो. हर्मायनीचे दात शापाने वाढतात तेव्हा भर वर्गमित्रांसमोर म्हणतो, मला तर काही फरक दिसत नाही. ती रडत पळून जाते. मुलांना घाबरवण्यात त्याला मजा येते. हे सगळं सिनेमातून गाळलं किंवा विनोदी केलं, आणि उरला काळ्या झग्यातला दुःखी प्रेमवीर. मग इंटरनेटवर आयुष्यभराच्या एकनिष्ठ प्रेमाचे फोटो आणि शेरोशायरी. माझी बारा वर्षांची भाची म्हणाली, मामी, तो मनाने चांगलाच होता ना? मी म्हटलं, तो शूर होता. चांगला होता असं नाही. पुस्तक ते दोन वेगळं ठेवतं, सिनेमा गोळा करून टाकतो.

दुसरं वयाचं. हॅरीचे आईवडील मारले गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. स्नेप मरतो तेव्हा अडतीस. रिकमन पहिल्या सिनेमाच्या वेळी पंचावन्नचे होते, आणि त्यांना शोभतील असे बाकीचेही तेवढेच प्रौढ घेतले. आरशात हॅरीला दिसणारे आईबाबा चाळिशीतले दिसतात. त्यामुळे ही सगळी माणसं कॉलेज संपता संपता युद्धात पडली आणि तिथेच अडकली, ही पुस्तकातली सर्वांत दुःखद गोष्ट पडद्यावर नाहीशीच झाली. स्नेप शाळेतलं भांडण अजून का विसरत नाही? कारण त्याच्यासाठी ते कालपरवाचं आहे. पंचावन्नच्या माणसाने तेच केलं की नुसता चमत्कारिक वाटतो.

कुतूहल७

वयाचं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. नव्या मालिकेकडून एवढं झालं तरी पुरे.

बाकावरचा

डॉबी राहिला, तो घर-एल्फ, म्हणजे जादूगारांच्या घरी राबणारा गुलाम. पुस्तकात तो दुसऱ्या भागानंतर चौथ्यात, पाचव्यात, सहाव्यात येत राहतो. शाळेच्या, म्हणजे हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात पगारी कामाला लागतो, मोजे गोळा करतो. हर्मायनी घर-एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढते, बिल्ले विकते, सगळे तिची टिंगल करतात. सिनेमात तो दुसऱ्यात दिसतो तो थेट सातव्यात उगवतो. आणि दहा मिनिटांत आपल्याला रडायला सांगतात. चौथ्यात पाण्याखाली जायची वनस्पती हॅरीला पुस्तकात डॉबी आणून देतो, सिनेमात ते काम नेव्हिलकडे दिलं. पात्रं कमी करायची गरज कळते हो, पण त्या शाळेत जेवण कोण शिजवतं, हा प्रश्नच सिनेमातून गेला. अबोलीताईंच्या मेसवाल्या प्रतिसादानंतर हे जास्तच जाणवलं.

निवृत्त_मास्तर

बाकावरचे, हा मुद्दा तुम्ही पुस्तकाच्या बाजूने मांडलात, पण तो पुस्तकावरही उलटतो. संघटनेची टिंगल पुस्तकातली पात्रं करतात आणि लेखिकाही बरीचशी त्यांच्याच बरोबर हसते. शेवटी ते गुलाम गुलामच राहतात. शेवटच्या लढाईनंतर नायकाच्या मनात येतं काय, तर आपल्या घरच्या एल्फाने सँडविच आणून दिलं तर बरं होईल. मी तिथे पुस्तक मिटलं होतं.

बाकावरचा

मिटलं तेव्हा एकच प्रकरण उरलं होतं मास्तर, म्हणजे सातही भाग वाचलेत तर. :)

निवृत्त_मास्तर

टीका करायची तर वाचायला नको?

डोंगरवाट

पारंब्याताई, आता तुमच्या मूळ सिद्धांताची परीक्षा. "पुस्तक बाजूला ठेवायची हिंमत केली म्हणून चांगला" हे सूत्र घेतलं, तर शेवटच्या सिनेमातला खलनायक व्होल्डेमॉर्टचा मृत्यू तुम्हाला आवडायला हवा. तिथे पुस्तक पूर्ण बाजूला ठेवलंय.

पुस्तकात काय होतं? सकाळ होत असते. जेवणाच्या हॉलमध्ये, वाचलेले सगळे जण भोवती उभे असताना दोघं एकमेकांभोवती फिरतात. हॅरी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो, रिडल, आणि पश्चात्तापाची एक संधीही देतो. मग तो मरतो, आणि धप्पकन पडतो. कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचं पडावं तसं शरीर. ते उचलून शेजारच्या खोलीत ठेवतात, बाकीच्या मृतांपासून वेगळं. ज्याने मरण चुकवण्यासाठी आत्म्याचे तुकडे केले, तो शेवटी एक साधं प्रेत होतो, आणि हे सगळ्यांनी बघितलेलं असतं.

सिनेमात? रिकामं अंगण. कुणी बघायला नाही. आणि तो मरतो तेव्हा त्याच्या कागदासारख्या कपच्या होऊन हवेत उडतात. सिनेमा थ्रीडीत होता, अंगावर काहीतरी उडायला नको का! म्हणजे ज्याला सामान्य माणसासारखं मरायचं नव्हतं, त्याची इच्छा सिनेमाने पुरी केली. त्यात हॅरी ती बलाढ्य छडी मोडून दरीत टाकतो. पुस्तकात आधी तो तिने आपली जुनी, मोडलेली छडी दुरुस्त करतो. त्याला तेवढंच हवं असतं. सिनेमात त्याची छडी तशीच मोडलेली राहते. कुणाच्या लक्षातही नाही.

शेवगाशेंग

अरे, हे वाचून आता तो सिनेमा परत बघता येणार नाही. धन्यवाद हां.

पारंब्या

डोंगरवाट, बरोब्बर पकडलंत, पण मी सूत्र सोडत नाही, नीट बांधते. बाजूला ठेवण्याआधी पुस्तक कळलेलं असावं लागतं. सातव्याच्या पहिल्या सिनेमाची सुरुवात आठवा. हर्मायनी आईबाबांच्या मागे उभी राहून त्यांच्या आठवणीतून स्वतःला पुसते. ती एकच शब्द बोलते, आणि भिंतीवरच्या, फडताळावरच्या फोटोंतून ती एकेक करून नाहीशी होते. पुस्तकात हा प्रसंग नाहीच, ती हॅरीला बोलता बोलता सांगते, की त्यांना सगळं विसरायला लावून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. दोन-चार वाक्यं. सिनेमाने त्या वाक्यांच्या आत काय होतं ते ओळखलं. व्होल्डेमॉर्टच्या वेळी नाही ओळखलं. दिग्दर्शक तोच, पटकथाकार तोच, येट्स आणि क्लोव्ह्ज.

तीन भावांची गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांसारखी दाखवलीय, तीही तशीच. आणि तंबूतला हॅरी-हर्मायनीचा नाच! पुस्तकात नाही, अर्ध्या जगाला आवडत नाही, मला अतिशय आवडतो. दोन दमलेली पोरं, रेडिओ लागलाय, आणि दोन मिनिटं काहीही ठीक नसताना बरं वाटतंय.

रानवारा

नाच नको. त्यानेच रॉनवाल्यांना आणि हॅरीवाल्यांना दहा वर्षं भांडत ठेवलंय.

कुतूहल७

पारंब्याताईंच्या बांधलेल्या सूत्राला एक जुना दाखला. 'विझर्ड ऑफ ऑझ', पुस्तक १९०० चं, सिनेमा १९३९ चा. पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. सिनेमा रंगीत, म्हणून ते माणकाचे लाल केले. पिवळ्या रस्त्यावर लाल बूट! आज कुणाला चांदीचे आठवतही नाहीत. हा बदल सोन्यासारखा. त्याच सिनेमात शेवटी सगळं स्वप्न होतं असं ठरवलं. पुस्तकात ऑझ खरा देश आहे, ती खरोखर जाऊन येते. मुलाने एवढा प्रवास केल्यावर त्याला उठवून "तुला लागलं होतं बाळा" म्हणायचं हे मला लहानपणीही फसवल्यासारखं वाटलं होतं. एकाच सिनेमात दोन्ही नमुने.

सासर_कोलकाता

इथे सगळं इंग्रजीच चाललंय, म्हणून घरचं सांगते. म्हणजे सासरचं. :)

'गुपी गाइन बाघा बाइन'. गोष्ट उपेंद्रकिशोर रायचौधुरींची, सिनेमा त्यांच्या नातवाचा, सत्यजित राय यांचा, १९६९ चा. रायना त्यांचा मुलगा म्हणाला होता, की तुमचे सिनेमे गंभीर असतात, माझ्यासाठी काहीतरी करा. बेसूर गाणारा एक आणि बेताल ढोल बडवणारा दुसरा, दोघांनाही गावाने हाकललेलं, रानात भुतांचा राजा भेटतो आणि तीन वर देतो. भुतांचा नाच सहा-साडेसहा मिनिटं चालतो. एक शब्द नाही, फक्त ताल. चार जातींची भुतं: राजे, शेतकरी, गोरे साहेब आणि जाडे भटजी-व्यापारी. प्रत्येकाला वेगळं वाद्य, आणि शेवटी ते आपापसातच मारामारी करून मरतात. कुठलंही पुस्तक हे लिहून दाखवू शकणार नाही.

आणि शेवटी युद्ध कसं थांबतं? उपाशी सैन्यावर आकाशातून मिठाईची मडकी उतरतात. सैनिक शस्त्रं टाकून संदेश-रसगुल्ल्यांवर तुटून पडतात. शेवट तेवढा रंगीत, बाकी सिनेमा कृष्णधवल. कारण पैसे नव्हते. हॉगवर्ट्सचा एक जिना जेवढ्यात झाला असेल तेवढ्यात इथे अख्खा सिनेमा झाला असेल. माझ्या मुलींना दोन्ही आवडतात. पण गाणी घरात गुपी-बाघाचीच चालतात.

निवृत्त_मास्तर

ताई, याला मात्र माझं बिनशर्त कौतुक.

बाकावरचा

मराठीत काय आहे? मतकरींची 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' नाटकं. वैभव मांगलेंची चिंची चेटकीण पाहायला अलीकडे थिएटरं भरत होती, पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. चेटकीण रंगमंचावर आपल्याला उत्तम जमते, पडद्यावर तिची भीती का वाटते कोण जाणे. 'फास्टर फेणे'चा २०१७ साली सिनेमा केला, तर त्या शाळकरी बन्याला सरळ मोठा करून टाकलं. (हो, माहीत आहे, ती फँटसी नाही. त्रागा आहे, चालवून घ्या.)

आंतरजाली

लेखिकेच्या अलीकडच्या राजकीय भूमिकांवर कुणी बोलणार आहे का? की सोयीस्कर मौन?

रानवारा

त्यावर वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसाद झालेत, तिकडे या. त्या भूमिका मला पटत नाहीत आणि नवी प्रत विकत घेणं मी थांबवलंय. कपाटातल्या जुन्या प्रतीतला स्नेप त्याने बदलत नाही.

व्यवस्थापक

वरील उपचर्चेचे पुढचे प्रतिसाद त्या धाग्यावर हलवले आहेत. इथे पुस्तकं आणि सिनेमे.

लांबचा_प्रवासी

इंग्लंडात राहतो. हे सिनेमे जिथे झाले त्या लीव्ह्झडनच्या स्टुडिओत पाहुण्यांना नेऊ नेऊ कंटाळलोय, पण एक सांगायला हवं. तिथे ते सेट जवळून बघितले की सिनेमाच्या कारागिरांबद्दल आदर वाढतो. ज्या बरण्या पडद्यावर क्षणभरही दिसत नाहीत त्यांच्यावरही हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. दिग्दर्शक चार बदलले, पण कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग आठही सिनेमांना एकच होते. सिनेमांचं कौतुक करायचं तर माझ्या मते पहिलं त्यांचं. शाळा खरी वाटते ती त्यांच्यामुळे.

किंग्ज क्रॉसला भिंतीत अर्धी घुसलेली ढकलगाडी आहे, तिथे फोटोला कायम रांग. मजा म्हणजे रोलिंगबाईंनीच सांगितलंय की हॉगवर्ट्सच्या गाडीचा फलाट लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर युस्टन स्टेशन होतं. रांगेतल्या पोरांना हे सांगू नये.

डोंगरवाट

क्रेग यांच्याबद्दल शंभर टक्के. सगळ्या धाग्यात ते नाव राहून गेलं होतं.

शेवगाशेंग

मग मालिकेबद्दल निकाल काय? बघायची की नाही?

पारंब्या

बघणार. सीझनभर वेळ असेल तर लॉकेट, कपाट, उंदीर हे सगळं आधी लपवून मग काढता येईल, जे दोन तासांत शक्य नव्हतं. पण वेळ आहे म्हणून पानं मोजत बसले, तर आठ तासांचा कोलंबस होईल. तेवढी एक भीती.

निवृत्त_मास्तर

मी बघणार नाही. म्हणजे पहिला भाग बघेन. टीका करायला.

नवी_आई

उशिरा आले, सगळं वाचून काढलं. एक व्यवहारी प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे. पहिले तीन सिनेमे पाहून झाले, आता चौथ्यासाठी हट्ट. दाखवू का?

रानवारा

थांब थोडी. चौथ्यात शाळेतलाच एक मुलगा मरतो आणि त्याचे वडील त्याच्यावर पडून रडतात, आम्ही मोठे हललो होतो. ब्रिटनमध्येही पहिल्या तिघांना पीजी (पालकांच्या सल्ल्याने बघा) होतं, चौथ्याला पहिल्यांदा १२ए लागलं, म्हणजे बाराच्या आतल्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचं. आधी पुस्तक वाचू दे. ६३६ पानं आहेत, संपेपर्यंत ती दहाची होईल.

नवी_आई

:) हे जमेल. मराठी प्रत शोधते.

अबोली_प

माझ्याकडे जास्तीची आहे, चौथ्या भागाची. पत्ता व्यनि कर, पाठवते.